गोमाजी तासवाल्यांचा जिताडा

कर्जतला त्या काळी रोज दोनदा दहा वाजायचे. एकदा स्टेशनात, आणि मग अर्ध्या तासाने मामलेदार कचेरीत. हे मी हल्लीच्या पोरांना सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून आधी तेवढं समजावून टाकतो. रेल्वे मद्रासच्या घड्याळाने चालायची. मद्रास पडलं उगवतीला, तिथे सूर्य आधी येतो, म्हणून रेल्वेचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे. कचेरी मुंबईची वेळ धरून बसलेली. दोघांनाही माघार घ्यायची नव्हती आणि मधल्यामध्ये गावाचं डोकं फिरायचं. कुणी 'नवाला भेटू' म्हणालं की समोरचा विचारायचा, "कचेरीच्या का गाडीच्या?"

कचेरीचे दहा वाजवणारा माणूस म्हणजे गोमाजी. ओसरीच्या तुळईला काशाचा जाड, थाळीसारखा तास टांगलेला होता, त्याच्याखाली त्यांची घोंगडी आणि भिंतीला टेकवलेली टोले द्यायची लाकडी मोगरी. मी तिथे नक्कल कारकून म्हणून लागलो तेव्हा वीस-बावीसचा होतो, ते पन्नाशीला आले असतील. शिपायाला सगळे अरेतुरे करायचे. मला ते जमलं नाही, कारण गोमाजींच्या कपाळावर आठ्याच अशा होत्या की समोरच्याने आपोआप अहोजाहो करावं.

त्यांची तास वाजवायची एक रीत होती. आधी बाहेर जाऊन सूर्याकडे बघायचे. मग आत येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. दोघांचं पटतंय अशी खात्री झाली की घसा खाकरायचे आणि टोले द्यायचे, डाव्या हाताच्या बोटांची पेरं मोजत. शेवटचा टोला झाला की उघडा तळहात तासावर ठेवायचे, आणि त्याची थरथर थांबेपर्यंत काढायचे नाहीत. तान्ह्या पोराला निजवताना ठेवतात तसा. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाले, "अर्धा आवाज मागं ऱ्हायला तर लोक अर्धा तास मोजतील. तास म्हंजे तास."

त्यांचे वडील कचेरीत घटिकापात्र सांभाळायचे, पाण्यात वाटी सोडून घटका मोजायचे. त्यामुळे वेळ हा आपल्या घरचा मामला आहे असं गोमाजींना मनापासून वाटत असे. एकदा ते तापाने पडले आणि दुसऱ्या शिपायाने अकराचे टोले दोनदा दिले. एक पक्षकार पहिल्या अकराला घाबरून पळत आला, दुसरा दुसऱ्या अकराला आरामात आला, आणि दोघांची कचेरीच्या दारात जुंपली. गोमाजी अंगावर घोंगडी ओढून तापातच चालत आले आणि बाराचे टोले स्वतः दिले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी रजा घेतली नाही. रजेचं नाव काढलं की म्हणायचे, "आणि तास कोन वाजवंल? तुमी?"

अशा माणसाला समुद्रावर जाऊन गळाने मासा धरायचं खूळ लागलं होतं. मला त्यातलं आजही सगळं उलगडलेलं नाही. जेवढं कळलं तेवढं सांगतो.

गोमाजींना एकच मुलगी, यमुना. तिला अलिबागेच्या खाली समुद्रकाठच्या एका गावात दिली होती. व्याही हरबाशेट, नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक, तोंडाने मोकळे. लग्न कर्जतला झालं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या पंगतीला गोमाजींनी उल्हास नदीतले मासे वाढले. आदल्या दिवशी स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभं राहून धरले होते. हरबाशेटनी एक मासा उचलून बघितला आणि हसत म्हणाले, "व्याही, हे आमच्याकडं मांजराला घालतात. मासा म्हंजे जिताडा."

पंगत हसली. गोमाजी हसले नाहीत. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाले, "तुमच्याच दारचा जिताडा, तुमच्याच खडकावर बसून, माझ्या गळानं काढीन आनि माझ्या हातानं तुमच्या ताटात वाढीन."

"काढा की," हरबाशेट म्हणाले. "जिताडा वाढा आनि लेकीला माहेरी न्या."

पुन्हा सगळे हसले. मी त्या पंगतीत होतो, मीही हसलो. ही चेष्टा होती की अट, हे तिथे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. गोमाजींनी मात्र तो शब्द गाठीला बांधून घेतला. जिताडा वाढल्याशिवाय लेकीच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, आणि उंबऱ्यावर पाय ठेवल्याशिवाय तिला आणायची कशी? पहिल्या दिवाळीला यमू माहेरी आली नाही. दुसऱ्या वर्षी आली नाही. गोमाजींची बायको सोनाई कचेरीच्या मागच्या दाराशी येऊन मला विचारायची, "भाऊसाहेब, यांचा मासा कधी व्हायचा?"

मासा होत होता. म्हणजे बेत होत होता. तसा बेत मी सरकारी कामातही पाहिला नाही. आधी लोहाराकडून गळ करून घेतला, तो एवढा मोठा झाला की त्याला तराजू टांगता आला असता. मग दुसरा केला. मग दोरी. ती वळून घेतली, तेल पाजलं, आणि पेलते का बघायला कचेरीच्या आवारातल्या चिंचेवरून टाकून खाली भाताचं पोतं बांधलं. पोतं वर चढलं, थोडं फिरलं आणि दोरी तुटून एका वकिलाच्या पुढ्यात येऊन बसलं. वकील त्या दिवशी तारीख मागून घेऊन घरी गेला. गोमाजी तुटलेलं टोक निरखत म्हणाले, "बरं झालं, हितंच कळलं."

मग नकाशा. हरबाशेटच्या गावासमोर समुद्रात एक बेट आहे, बेट कसलं, कातळच. लांबून गाय बसल्यासारखी दिसते म्हणून गायखडक म्हणतात. ओहोटीला पाणी उतरलं की काठापासून खडकापर्यंत दगडांची वाट उघडी पडते, भरतीला बुडते. गोमाजींनी ओसरीवर खडूने किनारा काढला, वाट काढली, आणि खडकाच्या जागी मोगरी ठेवली. रोज दुपारी त्या मोगरीभोवती बसून ते मला समजावायचे की पाणी इकडून चढतं, मासा तिकडून येतो, आपण इथे. एकदा मामलेदारसाहेब बाहेर आले आणि नेमके समुद्रात उभे राहिले. गोमाजी अदबीने म्हणाले, "साहेब, जरा काठावर यावं." साहेब काय समजले देव जाणे, पण आले.

हे सगळं ज्ञान त्यांना पनवेलहून बाजाराला सुकट विकायला येणाऱ्या भिवरा कोळणीने दिलं होतं. जिताडा चढत्या पाण्यात खडकाला घासत येतो, त्याला जिवंत कोळंबी लावायची, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे तिथीवरून पाण्याची वेळ कशी काढायची. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, आणि पुढे दर तिथीला पाऊण तास उशिरा. हे कळल्यावर गोमाजींचा चेहरा जो उजळला तो मी विसरलो नाही. समुद्रही टोल्यावर चालतो! एवढा मोठा दर्या, आणि त्यालाही वेळ पाळावी लागते. त्या दिवसापासून त्यांची समुद्राची भीतीच गेली.

भिवरा मात्र उठताना म्हणाली होती, "हिशेब कर, पन डोळं पान्यावर ठेव रं बाबा. पानी बघून उठायचं."

"पानी कशाला बघू? घड्याळ हाय ना," गोमाजी म्हणाले.

पंचांग वाचायला मी होतो. तिथी मी काढायचो, आकडेमोड दोघं मिळून करायचो आणि दर वेळी उत्तर वेगळं यायचं, कारण मधूनच कुणीतरी विचारायचं, "हे कचेरीचं का गाडीचं?" दिवस ठरायचा आणि हुकायचा. कधी साहेबांचा दौरा, कधी घड्याळ बिघडलं, कधी नुसतंच त्यांचं मन होईना. मला राग यायचा. एवढा बेत करणाऱ्या माणसाला जायचंच नसावं असं वाटायचं. आता वाटतं, त्यांना भीती वाटत असावी. जिताडा मिळाला नाही तर काय, याचा बेत त्यांच्याकडे नव्हता.

मग त्या वर्षी पावसाळा संपता संपता निरोप आला की यमूला दिवस गेलेत, सातवा लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे सांगायला कुणी लागत नाही. सोनाईने डिंकाचे लाडू करायला घेतले, खोली सारवून घेतली. गोमाजी म्हणाले, पुढच्या पुनवेला. ती पुनव साहेबांच्या जमाबंदीत गेली. त्याच्या पुढच्या पुनवेपर्यंत नववा लागला. सोनाई एवढंच म्हणाली, "आता गेलात तर आना. नायतर मीच जाते, माशाबिगर." तेव्हा गोमाजींनी पहिल्यांदा रजेचा अर्ज लिहायला माझ्याकडे कागद मागितला.

पाच दिवसांची रजा मिळाली. टोले द्यायचं काम दुसऱ्या शिपायाकडे, त्याला गोमाजींनी चार दिवस रिकाम्या पातेल्यावर सराव करायला लावला. घड्याळ हवं म्हणून स्टेशनातल्या तारबाबूचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं. मला का नेलं? पंचांगासाठी, असं ते म्हणाले. सोनाई म्हणाली, "एकटं जायला भ्यात्यात." दोन्ही खरं असेल.

खोपोलीपर्यंत गाडीने, तिथून पेणला बैलगाडीने, मग तरीतून खाडी ओलांडून पुन्हा बैलगाडी. पेणच्या धर्मशाळेत माझ्या मनात आलं की तारबाबूचं घड्याळ म्हणजे रेल्वेचं घड्याळ, अर्धा तास पुढे. आणि आपला समुद्राचा हिशेब तर कचेरीच्या वेळेचा. गोमाजी आंघोळीला गेले होते. घड्याळ त्यांच्या पगडीत होतं. मी ते काढलं, काटा अर्धा तास मागे केला आणि परत ठेवलं. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मी त्यांना वेळ शिकवतोय, आणि उरलेला सगळा प्रवास ते माझ्याशी बोलले नसते. चांगल्या मनाने केलं मी ते.

तिसरे प्रहरी गावात पोचलो. हरबाशेटची वाडी रस्त्यावरून दिसत होती, माडांच्या आत कौलारू घर, अंगणात धुणं वाळत घातलेलं. एक लुगडं हिरवं होतं. गोमाजी त्या लुगड्याकडे बघत थांबले. मी म्हटलं, "जाऊन भेटून तर या." म्हणाले, "उद्या. हातात मासा असंल तवा." आणि वळून लक्ष्या कोळ्याच्या घरी गेले. लक्ष्या भिवराचा कोणी लांबचा भाऊ होता. त्याच्या पडवीत आम्ही झोपलो.

कार्तिक वद्य द्वितीया. हिशेबाने वाट सहाला उघडणार होती आणि नवाला बंद होणार होती. उजाडता उजाडता निघालो. लक्ष्याने कोळंबीचं मडकं दिलं, वाटेच्या तोंडाशी आला आणि एक काळा धोंडा दाखवून म्हणाला, "त्याला पानी लागलं की उठायचं, गळात मासा असला तरी." गोमाजींनी पगडीतलं घड्याळ काढून त्याला दाखवलं. लक्ष्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि होडी घेऊन आपल्या कामाला निघून गेला.

खडकावर गोमाजी जसे बसले तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. दोन वर्षं ओसरीवर खडूने काढलेली जागा त्यांच्या पायाखाली होती. गळ टाकायचे, दोरी बोटावर धरायचे, मधून घड्याळ बघायचे. पहिली कोळंबी कुर्ल्यांनी खाल्ली. दुसरीही. तिसरी एका लहान माशाने पळवली. माडांमागे हरबाशेटचं कौल दिसत होतं, त्यातून धूर येत होता, आणि गोमाजी घड्याळाइतकंच तिकडेही बघत होते. पाणी वळलं. आठ वाजले, सव्वाआठ.

साडेआठला थोडं कमी असताना दोरी ताणली. त्यांनी ती मनगटाला गुंडाळली, आणि मग ते आणि मासा यांच्यात काय चाललं होतं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी गोमाजींची कंबर धरून डोळे मिटले होते. डोळे उघडले तेव्हा खडकावर एक हातभर लांब रुपेरी जिताडा तोंड उघडझाप करत पडला होता. गोमाजींचं मनगट सोलून निघालं होतं. ते रडत होते. खारं पाणी असेल असं मला आधी वाटलं.

तेवढ्यात काठावर हरबाशेटचा गडी दिसला. डोक्याचं मुंडासं सोडून ते दोन्ही हातांनी हवेत फिरवत होता. "व्याह्यांना कळलं!" गोमाजी म्हणाले. त्यांनी जिताडा कल्ल्यांत बोटं घालून उचलला आणि डोक्यावर धरला. गड्याने मुंडासं आणखी जोरात फिरवलं. गोमाजींनी मासा आणखी उंच केला. मीही धोतराचा सोगा हलवला. गडी काठावर इकडून तिकडे पळत होता, पाण्यात गुडघाभर आला, परत गेला. मी म्हटलं, "किती आनंद झालाय त्याला." मग तो खाली बसला. मग उठून वाडीकडे पळत गेला. आम्ही हसत होतो.

"चला, अजून अर्धा तास हाय," म्हणून गोमाजी वळले. वाट नव्हती. काळा धोंडाही नव्हता. जिथून आम्ही चालत आलो तिथे लाटा आडव्या चालल्या होत्या.

त्यांनी घड्याळ काढलं. साडेआठ. कानाला लावलं. चालू होतं. पाण्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे, आणि कपाळाच्या सगळ्या आठ्या एकत्र आणून म्हणाले, "आजचा दर्या पुढं हाय."

 मी विचारलं, "गोमाजी, तुम्ही घड्याळाला हात लावला होता का?"

"लावनार नाय तर काय? रेल्वेचं हाय ते. पहाटं तुमी झोपला होता तवा अर्धा तास मागं घेतलं. तुमास्नी सांगितलं नाय, तुमी म्हनाल, गोमाजी मला शिकवतोय."

मग मी पेणच्या धर्मशाळेतली गोष्ट सांगितली. ते बोटांची पेरं मोजू लागले, एकदा उजव्या हाताची, एकदा डाव्या. आम्ही दोघांनीही बरोबर केलं होतं, आणि म्हणून चुकलं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "म्हंजे आता नऊ."

नऊपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या खडकावर होतो. जिताडा एका खळग्यातल्या पाण्यात बांधून ठेवला. ऊन चढलं, पाणी पायाशी येऊन परत फिरलं. काठावर माणसं येऊन उभी राहत होती आणि जात होती; गावच्या होड्या सगळ्या दर्यात गेलेल्या होत्या. दुपारी एक बाई आली, बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली, डोळ्याला पदर लावला आणि गेली. "एवढं काय झालं मासा धरला तर?" गोमाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात आता आनंद कमी होता. मग त्यांनीही विचारणं सोडलं आणि कौलांकडे बघत बसले.

वाट उघडली तेव्हा सूर्य बुडला होता. लक्ष्या दगडांवरून अर्ध्यात सामोरा आला. त्याने मासा पाहिला, पण माशाबद्दल बोलला नाही. "पोरगीला पहाटेपास्नं कळा येत व्हत्या," म्हणाला. "तिला कुनीतरी सांगितलं, तुझा बाप आलाय म्हनून. तवापास्नं बाबाला बोलवा म्हनत व्हती."

गोमाजी धावले. मी मागे जिताडा घेऊन. वाडीच्या दारात हरबाशेट उभे होते. गोमाजी पायरीशी थबकले. हरबाशेटच म्हणाले, "नात झाली. दोघीबी खुशाल हायत."

गोमाजी ओटीवर बसले. श्वास घेतला आणि सवयीने विचारलं, "किती वाजता?"

"आता कोन बघतंय?" हरबाशेट म्हणाले. "सूर्य डोक्यावर असंल. गावात घड्याळ कुठाय?"

गावात एकच घड्याळ होतं, आणि ते गोमाजींच्या पगडीत होतं. ज्याच्या टोल्यावर अख्खं कर्जत जेवायला बसायचं त्याच्या नातीची जन्मवेळ कुणाला ठाऊक नव्हती. पत्रिकेत शेवटी ती अंदाजाने लिहिली. मीच लिहिली.

हरबाशेट समोर बसले.  मग हरबाशेट म्हणाले, "मी हसत बोललो होतो हो. पंगतीत मानूस बोलतो. दिवाळीला वाट बघितली तुमची, डोहाळजेवनाला बघितली. मला वाटलं, लेक जड झाली तुमास्नी, मासा नुसतं निमित्त हाय." गोमाजी म्हणाले, "मला वाटलं, तुमी उंबऱ्यावर अडवाल." आणि मग दोघंही माझ्याकडे बघू लागले, जणू यातलं खरं कुठलं ते मी पंचांगात बघून सांगणार होतो.

आतून सुईण आली आणि गोमाजींना दारापर्यंत बोलावलं. मी ओटीवर होतो, पण मधलं दार उघडं होतं. यमूचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. तेच वाईट.

"बाबा, मला न्यायला आलाव, का माशाला?"

गोमाजी दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. 

त्या रात्रीच्या जेवणात जिताडा शिजला. गोमाजींनी शब्द दिल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने हरबाशेटच्या ताटात वाढला. हरबाशेटनी मुकाट्याने खाल्ला. गोमाजींनी आपल्या पानात घेतला नाही. मी खाल्ला, आणि खोटं कशाला सांगू, तसा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. मला त्याची अजून लाज वाटते.

बाळंतीण आता इतक्यात हलणार नव्हती. सोनाईला तिथे पाठवायचं आणि सव्वा महिन्याने मायलेकींना कर्जतला आणायचं ठरलं. आम्ही दोघं परत आलो. वाटेत गोमाजी एकदाच बोलले. खोपोलीला गाडीची वाट बघताना म्हणाले, "भिवरा बरोबर बोलली व्हती. डोळं पान्यावर ठेवायला पायजे व्हतं."

कचेरीत सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. सूर्य, घड्याळ, खाकरणं, टोले. फक्त टोले झाल्यावर तासावर ठेवलेला हात पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहायचा. नकाशा पुसून टाकला होता. गळाचं काय केलं ते मी विचारलं नाही.

पौषात हरबाशेटचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. अमुक दिवशी सकाळी खोपोलीच्या गाडीने यमू, बाळ आणि सोनाई येतील, गाडी कर्जतला साडेदहाला लागते. गोमाजींनी लगेच विचारलं, "कुनाचे साडेदहा?" रेल्वेचे, मी म्हटलं. त्यांनी पेरं मोजली. मीही मोजली, आणि या वेळी आमचं उत्तर एकच आलं. रेल्वेचे साडेदहा म्हणजे कचेरीचे बरोबर दहा. मी म्हटलं, "साहेबांना सांगून ठेवू का? दुसरा शिपाई वाजवील." ते म्हणाले, "बघू." मला वाटलं, ते आधी टोले देतील आणि मग धावत जातील. एवढी वर्षं पाहिलेल्या माणसाबद्दल दुसरं काय वाटणार?

त्या दिवशी स्टेशनात दहा वाजले ते मी ऐकले. मग कचेरीच्या दहाची वाट बघत बसलो. आवारात पक्षकार जमले होते, वकील आला होता. साहेब आतून म्हणाले, "दहा वाजले का?" शिरस्तेदार म्हणाले, टोले कुठे पडलेत साहेब? भिंतीवरचं घड्याळ दहा दाखवत होतं, मग दहा वाजून पाच. पण टोले पडले नव्हते, म्हणून कुणी जागचं हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. घड्याळ खरं की तास खरा, याचा निकाल कुणाला देता येईना. साहेबांनी मला बाहेर जाऊन बघायला सांगितलं.

ओसरीवर तास नुसता टांगलेला होता. मोगरी भिंतीला. घोंगडी घडी घालून ठेवलेली.

आणि रस्त्याने गोमाजी येत होते. मागे सोनाई गाठोडं घेऊन, तिच्या शेजारी यमू, डोक्याला फडकं बांधलेली, हळू चालत. गोमाजींच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं आणि त्यांचा उघडा तळहात त्याच्या पाठीवर होता. ते कचेरीसमोरून गेले. आत बघितलं नाही. आवारातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना हटकलं, "गोमाजी, किती वाजलं रं?"

"कुनाला ठावं," गोमाजी म्हणाले, आणि पुढे गेले.

मी ओसरीत उभा राहिलो. मोगरी उचलून टोले द्यावेत असं मनात आलं, पण हात पुढे झाला नाही. आत जाऊन साहेबांना काय सांगितलं ते आता आठवत नाही. एवढं मात्र पक्कं आठवतं की त्या दिवशी कर्जतला दहा एकदाच वाजले.